फाशांचा कौलनामा

पुण्यात चार जण मेंढीकोट खेळायला बसले की पहिला वाद पत्त्यांवरून नाही, नियमांवरून होतो. हुकूम बंद की कट? बंद असेल तर पालथं पान कोणी ठेवायचं? दोन्हीकडे दोन-दोन दश्श्या गेल्या तर जिंकलं कोण? गणपतीत मांडवात रात्र काढणारी पेठेतली पोरं एक सांगतात, कोथरूडहून आलेला पाहुणा ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणतो, आणि शेवटी ज्याने कॅट आणलाय त्याचं चालतं. मेंढीकोटाला अधिकृत पुस्तक नाही, कंपनी नाही, लोगो नाही. म्हणून तिथे ‘आमच्याकडे’ हा शब्द कायद्याइतका जड.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा त्याच जातीचा खेळ, फक्त त्याची पुस्तकं तीन-तीनशे पानांची. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर, बाकीच्यांकडे एकेक पात्र. ‘मी तटावरून उडी मारतो’ असं कोणी म्हटलं की जमेल की नाही ते फासा सांगतो. १९७४ साली अमेरिकेतल्या टीएसआर या छोट्या कंपनीने गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डी अँड डी) बाजारात आणला, तिथून हा प्रकार सुरू झाला. इथेही प्रत्येक टेबलाचं ‘आमच्याकडे असं नसतं’ असतंच. खेळणारे त्याला होमब्रू म्हणतात. घरात खेळा, कोणी विचारत नाही. पण तेच होमब्रू छापून कर्वे रोडवरच्या एखाद्या कॅफेत शंभर रुपयांना विकायला ठेवलं की प्रश्न येतो: यातलं तुमचं किती आणि त्यांचं किती?

कायद्याचं उत्तर वरवर सोपं आहे. खेळाची पद्धत कोणाच्या मालकीची नसते. ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द मालकीचे असतात. अमेरिकेत ही रेघ १८७९ सालच्या बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात ओढली गेली, आणि तो खटला हिशेबवह्या लिहिण्याच्या पद्धतीवरून होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात तेच सांगितलं: कल्पनेवर कॉपीराइट नाही, मांडणीवर आहे. म्हणजे ‘वीस बाजूंचा फासा टाका, ताकदीचा आकडा मिळवा, समोरच्याच्या बचावाइतकी बेरीज झाली तर वार लागला’ ही पद्धत कोणीही वापरावी. पण या खेळांचे नियम एवढ्यावर थांबत नाहीत. तीनशे मंत्रांची वर्णनं, राक्षसांचे तक्ते, जागोजागी पेरलेली नावं. यात पद्धत कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते हे शेवटी न्यायाधीश सांगणार, आणि तिथवर जायचा खर्च छोट्या लेखकाला झेपत नाही. म्हणून लोक भीतीपोटी रेघेपासून दोन हात लांब राहतात.

परवाना या भीतीवर दिलेला उतारा असतो. पुणेकराला यासाठी जुना शब्द हाताशी आहे: कौल. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्या-उदम्यांना कौल दिला जाई: या, घरं बांधा, दुकानं थाटा, इतकी वर्षं इतकी सूट. जमीन सरकारची, वस्ती तुमची. कौलाचा दुसरा अर्थही आपण रोज वापरतो. देवाला कौल लावतात, म्हणजे पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते बघतात. फाशांच्या खेळाचा परवाना या दोन्ही अर्थांनी कौलच आहे.

पहिला मोठा कौल २००० साली निघाला. टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती आणि खेळाची तिसरी आवृत्ती येऊ घातली होती. तिथले रायन डान्सी यांनी सॉफ्टवेअरच्या जगातला जीपीएल परवाना (कोड घ्या, बदला, पण बदललेलंही खुलं ठेवा) पाहून तसलंच काही खेळासाठी करायचं ठरवलं. त्यांचं गणित व्यापारी होतं: साहसकथांची छोटी पुस्तकं मोठ्या कंपनीला परवडत नाहीत, ती इतरांनी काढावीत, ती खेळायला मूळ नियमपुस्तक लागेलच, ते आमचं खपेल. हिंजवडीत बसून दिवसभर ओपन सोर्स वापरणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही.

यात कागद दोन होते आणि लोक अजूनही त्यांची गल्लत करतात. एक ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल १.०ए. त्याखाली मूळ नियमांचा एक सार्वजनिक मसुदा दिला, त्याला एसआरडी म्हणतात. तो उचला, बदला, विका. अट अशी की त्यातून जे नियम बनवाल तेही खुले. पण स्वतःची नावं, पात्रं, कथा ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखून ठेवता येत. दुसरा कागद डी-२० लोगोचा, डी-२० म्हणजे वीस बाजूंचा फासा. पुस्तकावर तो लोगो लावायचा असेल तर पात्र कसं बनवायचं आणि अनुभवाने ते कसं वाढतं हे दोन भाग छापायला मनाई.

या एका मनाईने काय घडलं ते बघण्यासारखं आहे. पात्र घडवण्याचे नियम छापता येत नाहीत म्हटल्यावर सगळे छापू लागले ते पुरवण्या: नवे राक्षस, नवे मंत्र, नव्या तलवारी, नवे पेशे. ताटात भात-वरण ठेवायला बंदी, म्हणून चटण्या-लोणच्यांचा पूर. लोगोमुळे खप होता, त्यामुळे पूर आणखी वाढला. २००३ मध्ये कंपनीने साडेतीनवी आवृत्ती काढली तेव्हा दुकानांतल्या कितीतरी पुरवण्या एका रात्रीत जुन्या ठरल्या. उलट ज्यांनी लोगो सोडला आणि फक्त ओजीएल घेतला, त्यांना पूर्ण खेळ लिहायची मुभा होती. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सने २००२ मध्ये हेच केलं आणि आल्या आल्या हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसतं त्याचा आकडा, काढून टाकले. मार बसला की फासा टाकून तो किती झेपला ते बघायचं. सुपरहिरोंच्या मारामारीला ते शोभतं. एकच मसुदा, दोन परवाने, आणि त्यातून निघालेले खेळ दोन दिशांना.

आता एकच नियम जवळून बघू: कुस्तीचा. मराठी वाचकाला यातली गंमत लगेच कळेल, कारण पकड, ताबा, सुटका हे आपल्याला लाल मातीत पाहून माहीत आहे.

डी अँड डी च्या १९७९ च्या पुस्तकात कुस्ती टक्केवारीच्या तक्त्यांवर होती आणि ती इतकी किचकट की बहुतेक टेबलांवर ती पानं कोणी उघडतच नसे. तिसऱ्या आवृत्तीत तिच्या पायऱ्या झाल्या. पायरी एक: तुम्ही धरायला गेलात की समोरच्याला संधीचा एक वार फुकट, तो लागून इजा झाली तर तुमचा डाव तिथेच फसला. पायरी दोन: नुसता स्पर्श होतो का ते बघायला फासा, त्यात चिलखत धरायचं नाही. पायरी तीन: दोघांनी फासा टाकायचा, त्यात लढण्याचा बोनस, ताकद आणि आकाराचा फरक, माणसापेक्षा एक माप मोठा असेल तर अधिक ४, दोन मापं मोठा असेल तर अधिक ८. पायरी चार: पकड टिकवायला त्याच्या जागेत सरकायचं, आणि सरकताना बाकीचे शत्रू संधीचे वार करणार. म्हणजे एका धरण्यासाठी तीन-चार वेळा फासा आणि दोन वेळा पुस्तक. संध्याकाळी सातला सुरू झालेला सेशन आठला त्याच कुस्तीत अडकलेला.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली. तिच्यासोबतचा परवाना इतका आवळलेला होता की एखादी पुस्तकमाला त्याखाली आणली तर ती पुन्हा ओजीएलखाली काढता येणार नाही असं कलम मूळ मसुद्यात होतं. पुढच्या वर्षी ते काढलं, पण तोवर लोक बिथरले होते. पायझो या प्रकाशकाने जुन्या साडेतीनव्या आवृत्तीचाच एसआरडी घेतला आणि २००९ मध्ये पाथफाइंडर काढला, ५७६ पानांचा. त्यातलं कितीतरी वाक्य न् वाक्य जुनं आहे. पण कुस्ती बदललेली. आता दोनच आकडे: डावाचा बोनस आणि डावापासून बचावाचा आकडा. बचाव म्हणजे १० अधिक लढण्याचा बोनस, ताकद, चपळाई आणि आकार. धरणाऱ्याने एकदा फासा टाकायचा, बेरीज बचावाइतकी किंवा जास्त झाली की पकड. पाडणं, ढकलणं, हत्यार हिसकावणं, सगळ्याला हेच दोन आकडे. संधीचा वार राहिला, पण तो लागला तर डाव रद्द होत नाही. जेवढी इजा तेवढं फाशातून वजा.

माझ्या मते खुल्या परवान्याचं सगळ्यात मोठं देणं इथे दिसतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परवाना नसता तर पायझोला सगळी पानं वेगळ्या शब्दांत लिहावी लागली असती. मग प्रत्येक वाक्यात बदल झाला असता, कारण वकिलाला अंतर हवं असतं. परवाना होता म्हणून जे बरं होतं ते तसंच ठेवून जे दुखत होतं तेवढंच बदलता आलं. डागडुजी स्वस्त झाली. अख्खा वाडा न पाडता एक वासा बदलण्याची सोय.

डागडुजीत चुकाही होतात, त्याही सांगायला हव्यात. पाथफाइंडरच्या बचावात ताकद आणि चपळाई दोन्ही मिळवल्या. सुरुवातीच्या लेव्हलला ठीक चालतं. पण पुढे राक्षस मोठे होतात, त्यांची ताकद तिशी ओलांडते, वर आकाराचा बोनस, आणि बचावाचा आकडा इतका वर जातो की कुस्तीवरच पात्र उभं केलेला खेळाडू हात चोळत बसतो. दोष फाशाचा नाही, एकाच आकड्यात चार गोष्टी जोडल्याचा. पायझोने २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती काढली त्यात हे मोडलं: ॲथलेटिक्सचा फासा समोरच्याच्या काटकपणाविरुद्ध, बस. तिकडे विझर्ड्सने २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोघांनी फासा टाकायची पद्धत पुन्हा आणली, आणि २०२४ च्या पुस्तकात तीही काढून ८ अधिक ताकद अधिक प्रावीण्य एवढ्या आकड्याविरुद्ध समोरच्याने बचाव करायचा असं केलं. १९७९ पासून पंचेचाळीस वर्षांत कुस्ती टक्केवारीच्या तक्त्यांवरून एका फाशावर आली. या वाटेवरचे दोन टप्पे मूळ मालकाच्या घरात झाले नाहीत.

ओजीएलच्या शेवटी पंधरावं कलम असतं, ते वाचायची सवय लावून घ्यावी. ज्यांच्या ज्यांच्या कामातून घेतलं त्या सगळ्यांची कॉपीराइटची ओळ तिथे जशीच्या तशी द्यायची, आणि त्यांच्या पंधराव्या कलमात जे होतं तेही. काही पुस्तकांत ते पान-पानभर जातं. गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीसारखं. २००२ च्या टोम ऑफ हॉरर्समध्ये जुने विस्मृतीत गेलेले राक्षस परवानगीने खुले केले गेले, आणि एकेका राक्षसाची स्वतंत्र ओळ ठरली: लेखक स्कॉट ग्रीन, मूळ कल्पना गॅरी गायगॅक्स. पुढे ज्याने तो राक्षस वापरला त्याने ती ओळ वाहायची. अडचण अशी की मधल्या एकाने ओळ गाळली की त्याच्यावरून घेणाऱ्या सगळ्यांच्या चोपडीत ती पिढी गायब. आणि परवाना म्हणतो की चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली नाही तर तुमचा हक्क संपला.

राखून ठेवलेल्या नावांनीही उत्क्रांतीला वळण दिलं. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट असे काही राक्षस पहिल्यापासून कंपनीने कुलपात ठेवले. औलबेअर, म्हणजे घुबड-अस्वल, मात्र खुलं राहिलं. गायगॅक्स मंडळींनी एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांच्या पुडीतल्या विचित्र जनावरावरून ते घेतलं होतं. आज कुठल्याही छोट्या प्रकाशकाच्या जंगलात औलबेअर सापडतं. अनेक डोळ्यांचा तरंगता गोळा मात्र प्रत्येकाकडे वेगळ्या नावाने आणि थोड्या वेगळ्या डोळ्यांनी. कुंपण जिथे, तिथे वेल वळते.

चोर दरवाजाही निघाला. २००६ च्या ओस्रिक या खेळाने तिसऱ्या आवृत्तीच्या खुल्या मसुद्यातले शब्द घेतले आणि त्यांतून पहिल्या आवृत्तीचे, तेव्हा छपाईतून गेलेले नियम पुन्हा उभे केले. जुनं पुस्तक मालकाने कधी खुलं केलंच नव्हतं. पण शब्द खुले होते आणि आकडेमोड कोणाचीच नव्हती. राजगडाला पाली दरवाजाने न जाता गुंजवणे बाजूच्या चोरवाटेने चढावं, तसं. त्यातून जुन्या पद्धतीच्या खेळांची एक शाखाच फुटली.

पण सगळं श्रेय परवान्याला देऊ नये. खुला मसुदा आयता मिळाला की आळसही आयता मिळतो. भयकथा असो, प्रेमकथा असो, सगळीकडे तेच सहा गुण, तेच लेव्हल, तोच वीस बाजूंचा फासा. याच्या उलट उदाहरण २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डचं. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांनी उचलायला मसुदा दिला नाही. आमच्यावरून प्रेरणा घेऊन लिहा, खुशाल लिहा, एवढं सांगितलं. दोन सहा बाजूंचे फासे, १० किंवा वर आलं तर जमलं, ७ ते ९ मध्ये किंमत मोजून जमलं, ६ किंवा खाली आलं तर गेम मास्टरची पाळी. कॉपी करायला मजकूर नव्हता म्हणून प्रत्येकाला आपल्या खेळाच्या चाली स्वतः लिहाव्या लागल्या, आणि त्या कुळातले खेळ एकमेकांपासून कितीतरी लांब गेले. खुला मसुदा डागडुजी सोपी करतो. मसुदा नसला की घर नव्याने बांधावं लागतं. दोन्ही लागतं.

मग आला जानेवारी २०२३. विझर्ड्सच्या नव्या परवान्याचा, ओजीएल १.१ चा, मसुदा फुटला. त्यात जुना १.०ए यापुढे ‘अधिकृत’ नाही अशी भाषा होती, आणि साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्के हिस्सा. भांडण आकड्यावर कमी आणि एका विशेषणावर जास्त झालं. जुन्या परवान्याच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की परवान्याची कुठलीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरता येईल. अधिकृत म्हणजे एकदा झालेली, की आजही असलेली? परवान्यात ‘कायमस्वरूपी’ शब्द होता, ‘मागे न घेता येणारा’ हा नव्हता. बावीस वर्षांची वस्ती एका शब्दाच्या पायावर उभी आहे हे लोकांना तेव्हा दिसलं. सुधारित मसुद्यावर घेतलेल्या पाहणीत पंधरा हजारांहून जास्त उत्तरं आली. ८८ टक्के म्हणाले आम्ही या परवान्याखाली काही काढणार नाही. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० खाली, म्हणजे श्रेय द्या आणि खुशाल वापरा अशा परवान्याखाली, दिला. तो कौल मागे घेता येत नाही. तसं त्यात लिहिलेलंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा ५.२ मसुदाही त्याच परवान्याखाली आला.

पण भीतीचा परिणाम होऊन गेला होता. पायझोने इतर प्रकाशकांसह ओआरसी नावाचा वेगळा परवाना २०२३ च्या मध्यावर पूर्ण केला आणि नोव्हेंबरपासून पाथफाइंडरची पुस्तकं धुऊन पुन्हा काढली. मॅजिक मिसाइल या मंत्राचं फोर्स बॅराज झालं, फ्लॅट-फूटेडचं, म्हणजे बेसावध असण्याचं, ऑफ-गार्ड, संधीच्या वाराचं रिॲक्टिव्ह स्ट्राइक. चांगलं-वाईट, नियमबद्ध-स्वैर अशी पात्रांची नऊ खान्यांची वर्गवारी गेली, मंत्रांच्या आठ शाखा गेल्या. यातले काही बदल मला आवडतात; ते नऊ खाने कधीच नीट चालले नाहीत. पण कुस्तीचा बदल आणि हा बदल एका जातीचे नाहीत. तिथे नियम दुखत होता म्हणून बदलला. इथे न दुखणारा नियमही बदलला, कारण तो शेजाऱ्याच्या अंगणात उगवला होता.

मराठीत लिहिणाऱ्याला यातून काय घेता येईल? सुरुवातीला चारशे पानांच्या एसआरडीच्या नादी लागू नये. केअर्न हा छोटा खेळ बघावा. क्रिस मॅकडॉवल यांचा इन्टू द ऑड २०१४ चा, बेन मिल्टन यांचा नेव्ह २०१८ चा, आणि दोन्हींतून निघालेला योचाई गॅल यांचा केअर्न २०२० चा. तो ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० खाली आहे: भाषांतर करा, बदला, विका, पण तुमचंही त्याच परवान्याखाली ठेवा. तीन गुण: ताकद, चपळाई, मनोबल, प्रत्येकासाठी तीन सहा बाजूंचे फासे. संकटात वीस बाजूंचा फासा टाकायचा, गुणाइतका किंवा कमी आला की वाचलात. गुण १२ असेल तर साठ टक्के. वार लागला का हे बघायचंच नाही. थेट इजेचा फासा, त्यातून चिलखत वजा. सामानाला दहा जागा, अवजड वस्तूला दोन.

वीस बाजूंचा फासा हाताशी नसेल तर हाऊजीतल्या १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत घाला आणि एक काढा. प्रत्येक वेळी ती परत टाकायची, हे विसरायचं नाही. परत टाकली नाही तर तो वेगळाच खेळ होतो: पाच लहान आकडे निघून गेले की उरलेल्यांत मोठे जास्त, आणि खेळाडू मेंढीकोटासारखी पानं मोजायला लागतात.

भाषांतरात पहिला खड्डा हिट पॉइंटचा. हाताला येणारा शब्द ‘जीव’. डी अँड डी मध्ये तो खपून जातो, केअर्नमध्ये खेळ बिघडवतो. तिथे एचपी म्हणजे हिट प्रोटेक्शन: वार चुकवण्याची उसंत. ती संपल्यावर उरलेली इजा ताकदीतून जाते, आणि मग खरी जखम. चार मिनिटं बसून पाणी प्यायलं की एचपी पूर्ण भरतो. ‘जीव’ लिहिलं तर खेळाडू विचारणार, पाणी पिऊन तलवारीची जखम कशी भरली? ‘दम’ लिहा. दम संपला, दम खाल्ला, दम धरला. मराठीत तो शब्द नियम स्वतःच समजावतो.

आणि इथे सह्याद्री नियमात हात घालतो. मूळ खेळात पाणी गृहीत आहे. ओल्या जंगलात कोण मोजणार? मे महिन्यातल्या गडावर मात्र पाणी फक्त टाक्यात. म्हणून एक डागडुजी: पाण्याची बाटली एक जागा घेते, तिच्यात तीन घोट, दम भरायचा तर एक घोट खर्च. टाकं सापडलं की सहा बाजूंचा फासा: १ आला तर कोरडं, २ किंवा ३ आलं तर शेवाळलेलं, पंचातून गाळायला वेळ जातो आणि तेवढ्यात गेम मास्टरने धोक्याचा फासा टाकायचा, ४ ते ६ स्वच्छ. हे टेबलावर आणलं की एक दोष निघतो. चौघांतला एक जण दहाच्या दहा जागांत बाटल्या भरतो आणि बाकीचे मोकळे फिरतात. मूळ नियमात त्यावर वचक आहेच: दहाही जागा भरल्या की दम शून्य. तरी नऊ बाटल्या म्हणजे सत्तावीस घोट, आणि तेवढ्यात गड संपतो. उपाय: घोट घ्यायचा तर बाटलीवाल्याच्या हाताच्या अंतरावर असायला हवं, आणि लढाईत बाटलीवाला पडला तर फासा टाकून बाटल्या फुटल्या का ते बघायचं. या चार वाक्यांत मूळ नियमाचा एकही शब्द मोडलेला नाही, पण खेळ बदलला: आता खेळाडू शत्रूआधी टाकं शोधतात.

छापायच्या आधी कागदपत्र. स्वतःचा मराठी परवाना दोन ओळींत लिहायचा मोह टाळावा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ म्हणतं की हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ३०ए मुळे हे परवान्यालाही लागू होतं. ‘कोणीही वापरावे’ एवढंच लिहून मोकळं झालात तर दिलेला कौल पाच वर्षांनी आपोआप आटतो, आणि अमेरिकेतल्या मराठी माणसाला तो मिळालेलाच नसतो. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये मुदत आणि जग दोन्ही लिहिलेलं आहे, तोच लावावा. मिसळताना दिशा बघायची: एसआरडीतला ॲट्रिब्युशनचा मजकूर शेअरअलाइकच्या पुस्तकात चालतो, उलटं चालत नाही. ओआरसीचा मजकूर शेअरअलाइकमध्ये घुसवू नये. दोघांनाही आपापलाच शिक्का हवा असतो. आणि चित्रं परवान्यात आहेत की नाहीत हे वेगळं तपासावं, बहुतेकदा ती नसतात.

ओळ अशी पुरेल: ‘हा खेळ योचाई गॅल यांच्या केअर्नवर आधारित आहे. मराठी भाषांतर आणि पाण्याचे नियम अमुक यांचे. मूळ मजकुरात बदल केले आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० आंतरराष्ट्रीय.’ खाली मूळ खेळाचा आणि परवान्याचा पत्ता. एसआरडीतून काही घेतलं असेल तर त्यांनी दिलेली ओळ शब्दशः द्यायची, आणि वर डी अँड डी चा लोगो न लावता ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ एवढंच म्हणायचं.

चोवीस पानांची ए-५ पुस्तिका म्हणजे सहा ए-४ कागद पाठपोट, मधे दोन पिना. पानं चारच्या पटीतच ठेवावी लागतात. परवान्याची ओळ मलपृष्ठाच्या आत टाकायची पद्धत आहे, पण अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढताना पहिलं गळतं ते मलपृष्ठ. सगळ्यात जास्त झेरॉक्स निघते ती कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राचे आकडे लिहायच्या कागदाची. ओळ तिच्या तळाशी, आठ पॉइंटात, बाटलीच्या चौकटीखाली ठेवावी.